मदरबोर्ड गेला म्हणे!

पावसाळा लागला की दुरुस्तीच्या दुकानांत एक वाक्य फार स्वस्त होतं. "मदरबोर्ड गेलाय." वसईतल्या आपल्या गास गावाहून रिक्षाने नालासोपारा स्टेशन गाठायचं, लॅपटॉप काउंटरवर ठेवायचा, समोरच्याने पॉवरचं बटण दोनदा दाबायचं, पडदा काळाच राहिला की निकाल हातात. बोर्ड बदलायचा तर एवढे हजार, त्यापेक्षा नवीनच घ्या. गिऱ्हाईक मान हलवतं आणि घरी येऊन हप्त्यांचा हिशोब मांडतं.

या वाक्याची मला चीड आहे. बटण दाबून बोर्ड गेल्याचं कळत नाही. त्यासाठी मागचं झाकण उघडावं लागतं, मल्टीमीटर लावावा लागतो, कुठे किती व्होल्ट पोचतात ते मोजावं लागतं. नाडी न बघता मृत्यूचा दाखला लिहिणाऱ्या डॉक्टरला आपण सोडणार नाही. इथे मात्र मुकाट्याने ऐकून घेतो.

'सुरू होत नाही' या एका तक्रारीच्या पोटात किमान तीन वेगळे बिघाड असतात. यंत्राला वीजच मिळत नाही, हा एक. वीज मिळते, आत सगळं चालतं, पण चित्र दिसत नाही, हा दुसरा. आणि कंपनीचा लोगो येतो पण विंडोज उघडत नाही, हा तिसरा. तिन्हींचा इलाज निराळा, खर्च निराळा. यातला कुठला, हे दुकानाची पायरी चढण्याआधी घरच्या टेबलावर कळू शकतं.

वीज मिळते का, हे आधी बघा. एक्स्टेन्शन बोर्ड बाजूला ठेवून चार्जर थेट भिंतीतल्या सॉकेटला लावा. अडॅप्टरवर दिवा असेल तर त्याच्याकडे नीट लक्ष द्या. भिंतीत लावूनही दिवा लागत नसेल, तर दोष बहुधा अडॅप्टरचा किंवा वायरीचा, लॅपटॉप उघडायचं कारणच नाही. दिवा लागतो आणि लॅपटॉपमध्ये पिन घालताच विझतो, तर बहुधा आत कुठेतरी शॉर्ट आहे. टाइप-सीवाल्या नव्या लॅपटॉपची गंमत वेगळी. घरात मोबाइलचा चार्जर हाताशी असतो, तोच लावला जातो. बऱ्याच लॅपटॉपना ४५ किंवा ६५ वॅट लागतात, मोबाइलच्या लहान चार्जरला ते झेपत नाहीत. आणि बॅटरी पार तळाला गेली असेल तर योग्य चार्जर लावूनही अर्धा तास थांबावं लागतं.

यानंतरचा उपाय फुकटचा आहे आणि आपल्या भागात तो खूपदा लागू पडतो. चार्जर काढा. बॅटरी बाहेरून निघणारी असेल तर तीही काढा. पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून धरा. मग फक्त चार्जर लावून सुरू करून बघा. लॅपटॉप बंद दिसला तरी त्यातला एक छोटा कंट्रोलर कायम जागा असतो. बटण दाबलं गेलंय, बॅटरी किती उरलीय, चार्जिंग चालू आहे का, हे सगळं तोच बघतो. पावसात वीज झटक्याने जाते, येते, परत जाते, तेव्हा हा कंट्रोलर कधी कधी अडकून बसतो. बटण दाबून धरलं की आत साठलेली वीज निघून जाते आणि तो नव्याने जागा होतो.

मात्र टचपॅड वर उचललेलं दिसत असेल, झाकण नीट मिटत नसेल, तर थांबा. बॅटरी बहुधा फुगलेली आहे. ती दाबायची नाही, टोचायची नाही, चार्ज तर मुळीच करायची नाही. आगीशी खेळ आहे तो.

आता दुसरा बिघाड, चित्र न दिसण्याचा, आणि सगळ्यात जास्त फसवणूक होते ती इथेच. गेल्या जुलैत शेजारच्या मुलीचा लॅपटॉप असाच काळा पडला. कॉलेजचं शेवटचं वर्ष, प्रोजेक्ट जमा करायची तारीख डोक्यावर, आणि स्टेशनजवळच्या एका दुकानात बोर्ड गेल्याचं ऐकून आलेली. आई तिच्यापेक्षा जास्त घाबरलेली. बाहेर पाऊस धो धो, हॉलमध्ये ट्यूबलाइट. तिला म्हटलं, बटण दाब आणि कान लाव. पंख्याची बारीक घरघर होती. कॅप्स लॉकची कळ दाबली तर तिचा इवलासा दिवा लागत होता, विझत होता. बोर्ड गेलेल्या यंत्रात हे होत नाही. मग ट्यूबलाइट बंद केली आणि मोबाइलचा टॉर्च पडद्याला तिरपा, अगदी जवळ धरला. काळ्या काचेत, खूप फिकट, तिचं नाव आणि पासवर्डचा चौकोन दिसला. म्हणजे पडद्यावर चित्र येत होतं, ते उजळणारा मागचा प्रकाश तेवढा गेला होता. एचडीएमआयची वायर लावली आणि तिचा अख्खा डेस्कटॉप टीव्हीवर उघडला. आईने हात जोडले. प्रोजेक्ट त्याच रात्री टीव्हीसमोर बसून पुरा झाला. पुढे दुसऱ्या कारागिराने पडद्याची केबल बदलली, लॅपटॉप आजही चालतोय. बोर्ड तोच.

टॉर्चमध्येही काही दिसलं नाही, तर रॅम बघायची. बऱ्याच लॅपटॉपमध्ये रॅमची पट्टी सुटी असते. ती काढून, तिचे सोनेरी दात खोडरबराने हलके पुसून पुन्हा नीट बसवली की कित्येक 'मेलेले' लॅपटॉप उठतात. काही कंपन्यांची यंत्रं आपला बिघाड स्वतःच सांगतात, ठरावीक वेळा दिवा लुकलुकवून किंवा बीप वाजवून. ते मोजून लिहून ठेवा. त्या त्या मॉडेलच्या माहितीपुस्तकात त्याचा अर्थ छापलेला असतो. दुकानदाराने ते मोजले का, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

आपल्या गावाचंही थोडं बोलायला हवं. गासच्या आजूबाजूला खाडी, खाजण, खारी हवा. घरं वाडीत, विहिरीच्या आणि केळीच्या शेजारी. ही हिरवाई आपलं वैभव आहे आणि ती टिकवण्यासाठी वसईकरांनी रस्त्यावर उतरून लढा दिलाय. पण हीच ओल लॅपटॉपच्या बोर्डावर हळूहळू हिरवट-पांढरा गंज चढवते. सनसिटी-गास रस्ता दर पावसाळ्यात पाण्याखाली जातो, त्या पाण्यातून पाठीवर लॅपटॉपची बॅग घेऊन दुचाकी रेटणारी मुलं आपण बघतो. जुलै २०१८ चा पूर तर कुणीच विसरलेलं नाही. वसई-विरार पाण्यात, लोकल बंद, वीज गायब.

लॅपटॉप भिजला तर एकच नियम: सुरू करून बघायचा नाही. चार्जर काढा, बंद करा, आणि ज्याला उघडता येतं त्याच्याकडे लगेच न्या. बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवावा लागतो, नुसता वाळवून भागत नाही. तांदळाच्या डब्यात दोन दिवस पुरून ठेवायची पद्धत सोडा. तांदूळ बोर्डावरचा खार शोषत नाही, आणि त्या दोन दिवसांत गंज आपलं काम करतो.

तिसऱ्या बिघाडात, म्हणजे विंडोज उघडत नाही तेव्हा, यंत्राला खूपदा काहीच झालेलं नसतं. १९ जुलै २०२४ आठवा. क्राउडस्ट्राइक नावाच्या सुरक्षा कंपनीची एक सदोष फाइल जगभर गेली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले. मुंबई-दिल्लीच्या विमानतळांवर चेक-इनची कामं हाताने करावी लागली, देशात प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. त्या घोळाने एकाही यंत्राचा मदरबोर्ड गेला नव्हता. सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल पुसायची, एवढाच इलाज होता. आपल्या घरच्या लॅपटॉपलाही सेफ मोड आहे. विंडोज लागोपाठ उघडता उघडता बंद पडली की दुरुस्तीचा निळा पडदा आपोआप येतो, त्यात तो सापडतो. नुकतंच आलेलं अपडेट तिथूनच काढता येतं.

पण दुकानात यावर एकच औषध चालतं. "फॉरमॅट मारतो." हे दुसरं वाक्य, ज्याने माझं डोकं फिरतं. फॉरमॅट मारला की लॅपटॉप सुरू होतो, दुकानदाराचं काम होतं, आणि बाप्तिस्म्याचे फोटो, गेलेल्या आजीचा व्हिडिओ, बोटीवरच्या मुलाने पाठवलेल्या फाइल्स, सगळं जातं. लॅपटॉप पुन्हा घेता येतो. आजी पुन्हा बोलत नाही. बोर्ड खरोखरच गेला असला तरी बहुतेक यंत्रांत एसएसडी किंवा हार्ड डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडता येते आणि सगळं परत मिळतं. काही पातळ लॅपटॉपमध्ये, मॅकबुकमध्ये तर सर्रास, साठवण बोर्डालाच जोडलेली असते, तिथे हे सोपं नाही. नव्या विंडोजमध्ये डिस्क कुलूपबंद असू शकते. त्याची ४८ अंकी बिटलॉकर की बहुतेकदा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते. ती आज शोधून वहीत लिहून ठेवा, लॅपटॉप बंद पडल्यावर शोधाशोध नको.

चांगले कारागीर आहेत, आपल्याकडेही आहेत आणि मुंबईत ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर तर रांगेने आहेत. बोर्डावरचा एखादा मोहरीएवढा कपॅसिटर शॉर्ट झाला की अख्खा लॅपटॉप निपचित पडतो. तो भाग काही रुपयांचा. सूक्ष्मदर्शकाखाली तो शोधून, गरम हवेने काढून, नवा बसवणाऱ्या माणसाला त्याच्या हातच्या कौशल्याचे पैसे जरूर द्या, घासाघीस करू नका. पैसे नाकारायचे ते न तपासता निकाल देणाऱ्याला.

कायदाही तुमच्या बाजूला आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार सेवा दिल्यावर बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ ला दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं, त्यात मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू येतात. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे १९१५.

म्हणून पुढच्या वेळी लॅपटॉप दुकानात द्याल तेव्हा पावतीवर चार ओळी लिहून घ्या: काय तपासलं, कुठला भाग बदलणार, खर्च किती, आणि विचारल्याशिवाय फॉरमॅट मारायचा नाही. बदललेला जुना भाग परत मागून घ्या. एवढं लिहून द्यायला जो तयार नसेल, त्याच्या काउंटरवरून लॅपटॉप उचला आणि दुसरं दुकान गाठा.