आंबटात हात आखडू नये

चेन्नईत किती उकडतंय हे साऱ्या देशाला आमच्या शेजारावरून कळतं. बातम्यांत आकडे दोनच येतात, एक नुंगंबाक्कमचा आणि एक विमानतळाजवळच्या मीनंबाक्कमचा. पैकी नुंगंबाक्कमचा आकडा मोजला जातो कॉलेज रोडवरच्या हवामान केंद्रात, आमच्या घरापासून इतक्या जवळ की रिक्षावाले यायला तयार होत नाहीत. इथली वेधशाळा १७९२ची. १८६१ साली पॉग्सन नावाच्या साहेबाने इथून एक लघुग्रह हुडकला आणि त्याचं नाव ‘एशिया’ ठेवलं. २००३च्या मे महिन्यात इथल्या तापमापकाने ४५ अंश दाखवले. एवढ्या विद्वान शेजारात राहूनसुद्धा वरच्या मजल्यावरच्या मामींच्या बरणीत काय उगवलंय, याचं निदान करायला बोलावणं येतं ते माझ्या आईला.

आई सांगलीची. आयुष्यभर लोणची घातली आणि एकाही बरणीला बुरशी लागू दिली नाही, हे ती स्वतःच सांगते, त्यामुळे शंका घ्यायची सोय नाही. तिला तमिळ येत नाही, मामींना मराठी येत नाही. दोघींचं हिंदी सारखंच वाईट असल्यामुळे संवाद उत्तम चालतो.

कोंबुचा हे प्रकरण इमारतीत आणलं माझ्या मुलीने. कोरा गोड चहा घ्यायचा आणि त्यावर एक जाड, ओलसर, फिक्या रंगाची चकती तरंगत ठेवायची. यीस्ट साखरेचं अल्कोहोल करतं, जिवाणू त्या अल्कोहोलचं आम्ल करतात आणि फावल्या वेळात सेल्युलोज विणत बसतात. ती चकती म्हणजे हेच विणकाम. आठ-दहा दिवसांनी आंबट, किंचित फसफसणारं पेय तयार होतं आणि लोक ते औषध असल्यासारखं तोंड करून पितात. आईने पहिल्यांदा बरणीत डोकावून विचारलं, “हे जिवंत आहे?”

“हो आजी.”

“मग चातुर्मासात चालेल का?”

पोरगी पुढे नोकरीला पुण्याला गेली, बरणी आमच्याकडे राहिली. प्रत्येक खेपेला चकतीवर नवी चकती येते, त्यामुळे हे पेय पिण्यापेक्षा वाटण्यातच माणूस जास्त गुंततो. आमच्याकडून एक चकती मामींकडे गेली. वेळ निवडली नोव्हेंबरची.

बाहेरच्यांना माहीत नसतं, पण चेन्नईचा खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. जून-जुलैत सगळा देश भिजतो तेव्हा आम्ही भाजत असतो, आणि सगळे दिवाळीनंतर स्वेटर शोधायला लागतात तेव्हा आमच्या कपाटातले बूट हिरवे होतात. चामडी पट्ट्यावर पांढरी भुकटी चढते, कॅमेऱ्याच्या भिंगात जाळं धरतं. देवापुढे फोडलेल्या नारळाची वाटी रात्री झाकून ठेवायला विसरलात, तर दुसऱ्या दिवशी तिच्याकडे बघवत नाही.

तर मामींची हाक आली आणि आई वर गेली, मागोमाग मी. चकतीच्या मध्याजवळ रुपयाएवढा एक गोल होता, कडेने पांढरा, आत राखाडी हिरवा, आणि शेजारी त्याचीच दोन पिल्लं. आईने चष्मा कपाळावर चढवला आणि बरणी खिडकीपाशी धरली. उजेड तिरका पडला तसे त्या गोलावरचे केस दिसले, आखूड, उभे, कोरडे. आजूबाजूचं सगळं ओलं, चकचकीत. तेवढाच भाग कोरडा.

“फेका,” आई म्हणाली.

“पण अम्मा, खाली हे पण आहे,” मामी चकतीखाली लोंबणाऱ्या तपकिरी दोऱ्यांकडे बोट दाखवून म्हणाल्या. त्यांना सर्वांत घाबरवलं होतं त्या दोऱ्यांनी, आणि ते दोरे तर अगदी निरुपद्रवी. ते यीस्ट. पाण्याखाली असतं, ओलं असतं, दिसायला घाणेरडं पण स्वभावाने गरीब. बुरशी पाण्याखाली राहत नाही. तिला हवा लागते, म्हणून ती वरच बसते, कोरडी, केसाळ, गोलगोल पसरत, आणि पुष्कळदा दिसायला देखणी असते. नवशिके दोरे बघून चांगली बरणी ओततात आणि मखमल बघून पितात.

आतापर्यंत मामा पेपरमागे होते. फेकण्याची भाषा ऐकून ते बाहेर आले. जन्म हिशेबतपासणीत गेलेला माणूस. वरचा थर काढावा, खालचं चांगलं असेल, असं त्यांचं म्हणणं पडलं. ते चालत नाही. वर दिसतो तो बुरशीचा फुलोरा, तिचे धागे चकतीत आत उतरलेले असतात, आणि काही बुरश्यांचं विष चहात मिसळतं, ते चमच्याने काढता येत नाही. चहा, चकती, सगळं टाकायचं, बरणी उकळत्या पाण्याने धुवायची आणि दुसरी चकती दुसऱ्या घरून आणायची. आईने आजवर उरलेला भातसुद्धा टाकलेला नाही. ती “फेका” म्हणते तेव्हा अपील नसतं.

मामींचं दुःख वेगळंच होतं. त्यांनी आंघोळ करून, ओलेत्याने म्हणता येईल इतक्या शुचिर्भूतपणे तो चहा घातला होता. बरणी उकळलेली, डाव उकळलेला, कॅनचं पाणी तेही उकळलेलं. एवढं सोवळं पाळून बुरशी यावी हा त्यांना देवाघरचा अन्याय वाटत होता.

पण बुरशीला सोवळं कळत नाही. तिचे कण हवेतच असतात, प्रत्येक घरात, ओल्या नोव्हेंबरात जरा जास्तच. लोणच्याला आपण वर तेल ओतून हवेपासून तोडतो. इथे तसं करता येत नाही, कारण आंबवणाऱ्या जिवाणूंनाही हवा हवी. दार उघडंच ठेवायचं आहे, तेव्हा आतलं वातावरण चोराला नकोसं करणं एवढाच उपाय उरतो, म्हणजे पहिल्या दिवसापासून आंबट. आम्लता मोजायच्या पट्टीवर सुरुवातीलाच साडेचारच्या खाली आकडा आला पाहिजे. नुसता गोड चहा तिथपर्यंत जात नाही. त्याला आधीच्या खेपेचा तयार, चांगला आंबट कोंबुचा घालावा लागतो, एका लिटरला निदान १०० मिलिलिटर. पावसाळ्यात मी २०० घालतो.

“किती घातलं होतं?” आईने विचारलं.

“दोन चमचे.”

इथे आईचा चेहरा बदलला, कारण दोन चमचे हेच तिचंही माप. दही लावताना जास्त विरजण घालणाऱ्या बाईला तिच्या माहेरी उधळी म्हणत. चमचाभर विरजणाने पातेलंभर दूध रात्रीत लागतं, चेन्नईत तर दुपारच्या झोपेत लागतं, म्हणून बुरशीला सवडच मिळत नाही. कोंबुचाचं सगळं सावकाश. दोन चमच्यांवर तो आंबट व्हायला कित्येक दिवस घेतो आणि तेवढे दिवस बुरशीला मैदान मोकळं. पिढ्यान्‌पिढ्या दह्यात कमावलेली काटकसर नेमकी इथे नडते. शिवाय ते आंबट शेवटी, वरून ओतायचं, म्हणजे कण जिथे येऊन पडणार तो पृष्ठभागच आधी आंबट होतो.

दुसरं कारण मामांच्या उशाशी सापडलं. मुलगा न्यू जर्सीत. त्याने फोनवर बजावलं होतं की बरणी २४ ते २९ अंशांत ठेवा. मामींनी याचा अर्थ ‘गार ठेवा’ असा घेतला आणि बरणी झोपायच्या खोलीत गेली, जिथे मामा बाराही महिने एसी २०वर लावून शालीत झोपतात. गारठ्यात जिवाणू सुस्तावतात, आंबट होणं आणखी लांबतं. गंमत म्हणजे नोव्हेंबरात एसीबाहेर हवा साधारण २४ ते २९ अंशांतच खेळत असते. सरकार कॉलेज रोडवर ती रोज मोजतं, फुकट.

नव्या खेपेची जागा ठरवायला बैठक बसली. स्वयंपाकघरात फोडणीचं तेल उडतं. देवघरात तो नारळ आणि कालची फुलं, म्हणजे बुरशीचं माहेरच. गॅलरीत पाऊस. शेवटी हॉलमधल्या शोकेसवर, नवरात्रात मांडायच्या कोलूच्या बाहुल्यांशेजारी बरणी बसली, आणि आलेले पाहुणे तिला नमस्कार करू लागले.

झाकायला मामींनी जखमेवर बांधायची जाळीदार पट्टी काढली होती. तिच्यातून चिलटं आरामात आत जातात. मग मामांच्या वेष्टीचा, म्हणजे इकडच्या धोतराचा, तुकडा दुमडून रबराने लावला. वेष्टी जुनी होती असं मामींचं मत, मामांचं मत घेतलं गेलं नाही. चहा निलगिरीचा, कोरा, लिटरला ७० ग्रॅम साखर. आलं, वेलची, गवती चहा यांतलं काही नाही, कारण मसाल्यांतली तेलं या जिवाणूंना सोसत नाहीत. मसाला घालायचा तर पेय गाळून झाल्यावर, बाटलीत.

उत्साहाच्या भरात आईने तिची चिनी मातीची बरणी देऊ केली. पुण्याहून पोरीने फोनवरच नकार दिला. ऑस्ट्रेलियात एका जोडप्याला ग्लेझच्या मातीच्या भांड्यात आंबवलेल्या कोंबुचातून शिशाची विषबाधा झाली होती, तिथल्या डॉक्टरांनी १९९८ साली ते छापलंय. आम्लात ग्लेझमधलं शिसं उतरतं.

“ही बरणी माझ्या सासूबाईंची आहे,” आई म्हणाली, “ऑस्ट्रेलियाची नाही.” पण काचेचीच घेतली.

ओतताना आई मामींच्या शेजारी उभी राहिली. मामींचा हात पहिल्या पेल्यालाच थांबला. “और डालो,” आई म्हणाली. परत थांबला. “और.” आमच्याकडचा तयार कोंबुचा जवळजवळ सगळा त्या बरणीत गेला आणि आम्ही पुढचे दिवस ताक प्यायलो.

बुरशी आली नाही. उलट मामा जागरूकपणे रोज पाहत राहिले आणि मामी गाळायचं पुढे ढकलत राहिल्या, तो कोंबुचा इतका आंबट झाला की पिता येईना. मामींनी तो वाया घालवला नाही. हल्ली त्यांच्याकडे रसमला चिंच लागत नाही, आणि चिंचेचे वाचलेले पैसे मामांनी वेष्टीच्या खात्यात जमा धरलेत.