भाऊसाहेबांचं टेबल: एक मार्गदर्शिका

सदर मार्गदर्शिका घाटनांदूर व पंचक्रोशीतील सर्व शासकीय, निमशासकीय, सहकारी आणि 'बसा, साहेब येतीलच' या वर्गातील कार्यालयांना लागू राहील. तिचा उगम जपानात आहे, हे कोणी मनाला लावून घेऊ नये. दुसऱ्या महायुद्धानंतर, हातात पैसा नाही आणि गोदामात जागा नाही अशा अवस्थेत, टोयोटा कारखान्यातल्या ताइची ओनो यांनी मोटारी बनवण्याची एक काटकसरी रीत बसवली. १९८८ साली जॉन क्राफचिक या अमेरिकी अभ्यासकाने तिला 'लीन' म्हटलं आणि तेच नाव चिकटलं. ज्या कामाचे पैसे मोजायला गिऱ्हाईक तयार होणार नाही, ते काम म्हणजे नासाडी, असं तिचं सूत्र आहे. आपल्याकडे या सूत्राचा भलताच अर्थ निघण्याचा संभव असल्याने अंमलबजावणी करताना 'पैसे' हा शब्द गाळून वाचावा.

मार्गदर्शिकेचा अभ्यासविषय आहेत भाऊसाहेब. भाऊसाहेब म्हणजे कोणी एक गृहस्थ नव्हेत. ते घाटनांदुरात आहेत, परळीत आहेत, अंबाजोगाईत तर टेबलागणिक आहेत. पन्नाशी उलटलेली, चष्मा कपाळावर, आणि समोर फायलींची अशी उतरंड की अर्जदाराला आधी तो चष्माच दिसावा.

कलम १. नासाडी ओळखावी. ओनोंनी तिचे सात प्रकार सांगितले: गरजेपेक्षा जास्त उत्पादन, खोळंबा, नेआण, अनावश्यक सोपस्कार, साठा, वायफळ हालचाल आणि चुका. पैकी खोळंबा हा प्रकार बीड जिल्ह्याला शिकवणं म्हणजे आगाऊपणा होईल. घाटनांदूरला निजामाच्या काळापासून रेल्वे आहे, पण जिल्ह्याच्या गावाला नव्हती. अहिल्यानगर–बीड–परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५ साली मंजूर झाला आणि गाडी बीडला पोचली १७ सप्टेंबर २०२५ रोजी. परळीपर्यंतचं टोक तेव्हाही बाकीच होतं. अशा जिल्ह्यात एखादी फाईल महिनाभर पडून राहिली म्हणून कोणी आवाज चढवत नाही, आणि भाऊसाहेबांना हे पक्कं ठाऊक आहे.

इथे एक बारकावा आहे. सगळाच खोळंबा नासाडी नसतो. जमिनीच्या फेरफाराची नोंद झाली की हितसंबंधितांना नोटीस जाते आणि हरकतीसाठी पंधरा दिवस द्यावेच लागतात. ते दिवस कायद्याचे आहेत, त्यांना कात्री लावली तर भावकी कोर्टात जाते. नासाडी असते ती त्याच्या अलीकडे आणि पलीकडे. अर्ज आला त्या दिवसापासून नोटीस निघेपर्यंत किती दिवस गेले? हरकतीची मुदत संपल्यापासून मंडळ अधिकाऱ्याची सही होईपर्यंत किती? हे दोन आकडे एका कागदावर लिहून भिंतीला चिकटवले तर सल्लागाराची निम्मी फी वाचते. सहसा कोणी चिकटवत नाही.

कलम २. पाच वेळा 'का' विचारावं. दोषाच्या मुळाशी जाण्याची ही टोयोटाची नावाजलेली रीत आहे. प्रात्यक्षिक पुढीलप्रमाणे.

"भाऊसाहेब, फाईल का थांबली?"
"सही राहिली की मामा."
"सही का राहिली?"
"साहेब नाहीत."
"का नाहीत?"
"मीटिंगला गेलेत, अंबाजोगाईला."
"मीटिंग का?"
"पेंडिंग फायलींचा आढावा हाय."
"आता आढावा कशापायी?"
"फायली पेंडिंग राहायल्यात म्हणून. या सोमवारी, करून टाकूत."

पाचवा प्रश्न पहिल्यालाच येऊन मिळाला. जपानी ग्रंथांत या स्थितीवर उपाय आढळत नाही.

कलम ३. खडूचं वर्तुळ. ओनो कारखान्याच्या फरशीवर खडूने वर्तुळ काढत, नव्या व्यवस्थापकाला त्यात तासन् तास उभं करत आणि मग विचारत, काय दिसलं? आपल्या कार्यालयांत साहेबांना उभं करण्याची पद्धत नाही. ते काम अर्जदार करतो. कोणत्या टेबलावरून कागद कोणत्या टेबलावर गेला, शिक्का कोणाच्या ड्रॉवरमध्ये असतो, शाई कोणत्या वारी संपते, हे चार हेलपाटे घातलेल्या शेतकऱ्याला तोंडपाठ असतं. सुधारणा करायची असेल तर त्याला आत बोलवावं, खुर्ची द्यावी आणि विचारावं. गमतीने नव्हे, खरोखर विचारावं.

कलम ४. चहा नासाडीत धरू नये.

कलम ५. उभ्याने बैठक घ्यावी, म्हणजे ती लवकर आटपते, असा परदेशी सल्ला आहे. खुर्च्या अपुऱ्या असल्याने आपल्याकडे तो निम्मा अमलात आहेच.

कलम ६. अनावश्यक सोपस्कार तोडावेत. ९ मार्च २०१५ च्या शासन निर्णयाने प्रमाणपत्रांच्या प्रतींवर राजपत्रित अधिकाऱ्याचा शिक्का आणि जागोजागची शपथपत्रं यांची सक्ती सरकारने काढून टाकली. प्रतीवर अर्जदाराने स्वतः सही करावी, सोबत स्वयंघोषणा द्यावी, की झालं. मुख्याध्यापकांच्या दारात झेरॉक्सची चळत घेऊन ताटकळणाऱ्या पोरांचे किती तास त्या एका कागदाने वाचवले असतील! लीनचं इतकं चोख उदाहरण जपानातही शोधावं लागेल. तरीही एखाद्या खिडकीवर "असू द्या एक ट्रू कॉपी, काय बिघडतंय" असं ऐकू येतंच. भाऊसाहेबांचा अर्जदारावर अविश्वास नसतो, त्यांना भीती असते ती तपासणीची. उद्या ऑडिटवाला आला तर? कलम ७ त्या भीतीविषयी असायला हवं होतं, पण तीवर शासन निर्णय नाही.

दप्तर दिरंगाईचा कायदा मात्र आहे. २००५ सालचा. नेहमीची फाईल कोणत्याही कर्मचाऱ्याकडे कामकाजाच्या सात दिवसांपेक्षा जास्त थांबता कामा नये, तातडीची शक्यतो चार दिवसांत आणि अतितातडीची त्याच दिवशी किंवा दुसऱ्या सकाळी निघावी, असं त्यात लिहिलेलं आहे. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने तर दिरंगाई करणाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंडाची तरतूद केली. त्याच्याही कितीतरी आधी, १९८० च्या दशकात, नगरला जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कार्यालयातली बसण्याची मांडणी बदलली, जुनं दप्तर लावून घेतलं आणि 'लखिना पॅटर्न' राज्यभर ऐकू आला. २०१७ च्या सुमारास पुण्याचे विभागीय आयुक्त चंद्रकांत दळवी यांनी 'झिरो पेंडन्सी' राबवली. सांगायचं काय, तर आपल्याला टोयोटाकडून घेण्यासारखं फार थोडं उरलंय. नियम कपाटात आहेत. कपाटाची किल्ली भाऊसाहेबांकडे आहे.

कलम ८. आवराआवर. जपानी पद्धतीत आधी नको ते वेगळं काढायचं, मग हवं ते जागच्या जागी लावायचं, अशा पाच पायऱ्या आहेत. आपल्याकडे सहा गठ्ठ्यांची पद्धत आहे: प्रलंबित, प्रतीक्षाधीन, नियतकालिक, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे आणि नष्ट करायचे. एक गठ्ठा आपलाच जास्त. हे सहा गठ्ठे खरोखर बांधले, तर कोणतीही फाईल दोन मिनिटांत हाताला लागते. व्यवहारात मात्र सातवा गठ्ठा तयार होतो, 'बघूत' नावाचा, आणि पहिले सहा त्याच्याखाली जातात.

निंदणीकरणात, म्हणजे जुने कागद निवडून नष्ट करण्यात, हात सैल सोडू नये, एवढं मात्र मराठवाडा स्वानुभवाने सांगू शकतो. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठ्यांना कुणबी दाखले देण्यासाठी गावोगावच्या कार्यालयांत जुन्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. वर्षानुवर्षं कोणी न सोडलेले दप्तराचे रुमाल सुटले. आत खासरा पत्रकं निघाली, कोतवाल बुकं निघाली. काही मोडीत, काही उर्दूत. मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी भाव आला. कागदाला हात लावला की कडांचा चुरा होऊन टेबलावर पडत होता, आणि त्या पिवळ्या पानावरच्या एका ओळीसाठी बाहेर रांगा लागल्या होत्या. मृत साठा म्हणजे नासाडी, असं म्हणणारा सल्लागार वीस वर्षं आधी आला असता, तर हे सगळं रद्दीच्या भावाने गेलं असतं. म्हणून नियम असा: कायम जपायच्या 'अ' वर्गाच्या कागदाला लीनवाल्याने शिवू नये, आणि नष्ट करायच्या 'ड' वर्गाच्या कागदावर भाऊसाहेबांनी जीव लावू नये.

त्या दिवसांत भाऊसाहेबांना पाहायला हवं होतं. संगणकावर जे सापडत नव्हतं ते त्यांच्या डोक्यात होतं. "ते बघा, खिडकीखालच्या लोखंडी पेटीत, निळ्या रुमालात. नव्वद साली मीच बांधलाय." शिपायाने पेटी उघडली तर रुमाल निळाच. नोंद सापडली, मामांनी हात जोडले, आणि भाऊसाहेबांनी पहिल्यांदाच कोणाला "सोमवारी या" म्हटलं नाही.

कलम ९. राज्य शासनाचा लिपिक अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतो. त्याच्या किमान सहा महिने आधी एका नव्या पोराला भाऊसाहेबांशेजारी बसवावं. रोज सकाळी एक कपाट उघडावं. प्रत्येक गठ्ठ्यावर विषय, वर्ष, वर्ग आणि नष्ट करण्याची तारीख असलेली चिठ्ठी लावावी, आणि हे सगळं एका वहीत कपाटाच्या क्रमाने उतरवून घ्यावं. वहीची एक प्रत साहेबांच्या टेबलावर, एक अभिलेख कक्षात ठेवावी. निरोप समारंभात शाल-श्रीफळाआधी ती वही तपासावी. आणि पहिल्या पानावर, सगळ्यात वर, भाऊसाहेबांच्या घरचा फोन नंबर ठळक अक्षरात लिहून ठेवावा.