नाव खोडा, पैसे घ्या

इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेचा नियम सरळ आहे: शंभरातल्या 92 रुग्णांवर 18 आठवड्यांच्या आत उपचार सुरू व्हावेत. 2016 नंतर हे उद्दिष्ट एकदाही गाठलेले नाही, घोषणा मात्र वेळेवर होतात. 2021 मध्ये तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी उपचारांची रांग हटवायला खास करवाढ आणली, वर्षाला सुमारे 12 अब्ज पौंडांची. पुढच्याच वर्षी ती रद्द झाली. रांग काही कुणी रद्द केली नाही. 2023 मध्ये ती 77 लाख नोंदींवर पोहोचली. (माणसे त्याहून कमी, एकाची दोन दुखणी दोनदा मोजतात.)

मग 2025 मध्ये स्वस्त इलाज निघाला. रुग्णालयांनी यादी तपासावी. कुणी बरा झाला, कुणी खासगीत गेला, कुणी वरच गेला, त्यांची नावे काढावीत. ठरलेल्या आकड्यापलीकडे काढलेल्या प्रत्येक नोंदीमागे 33 पौंड. अशी नावे काढणे रास्तच. पण गुडघा बदलायला सर्जन, भूलतज्ज्ञ, खाट आणि हजारो पौंड लागतात. नाव खोडायला एक कारकून आणि एक फोन पुरतो. तेव्हा रांगेतल्या आजीबाईंनी आंघोळीला जातानाही मोबाइल सोबत ठेवलेला बरा.