पलंगापाशी अडलेली समीक्षा

शेरिल डुन्येचा ‘द वॉटरमेलन वुमन’ 1996 साली आला. उघडपणे लेस्बियन असलेल्या कृष्णवर्णीय स्त्रीनं दिग्दर्शित केलेला पहिला पूर्ण लांबीचा कथापट, असं त्याचं स्थान सांगितलं जातं. बर्लिनच्या महोत्सवात त्याला टेडी पुरस्कार मिळाला. आणि मायदेशात, अमेरिकेत, गाजलं काय? एक शय्यादृश्य.

फिलाडेल्फियातल्या एका साप्ताहिकात समीक्षिकेनं चित्रपटाचं कौतुक करताना त्या दृश्याबद्दल एक उत्साही वाक्य लिहिलं. ‘वॉशिंग्टन टाइम्स’नं नेमकं तेच उचललं आणि विचारलं, नॅशनल एन्डाउमेंट फॉर द आर्ट्स या सरकारी संस्थेनं या चित्रपटाला 31,500 डॉलर का दिले? ते वाचून मिशिगनचे रिपब्लिकन खासदार पीटर होक्स्ट्रा यांनी संस्थेच्या अध्यक्षा जेन अलेक्झांडर यांना पत्र धाडलं. करदात्यांच्या पैशातून अश्लील चित्रपट निघत असल्याची शंका त्यात होती. चित्रपटाचा एकूण खर्च सुमारे तीन लाख डॉलर. सरकारचा वाटा त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. तेवढ्यावरून कलेला सरकारनं पैसा द्यावा की नाही, इथपर्यंत वाद गेला.

सगळ्यांचीच नजर अडकली असं नाही. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या स्टीफन होल्डन यांनी चित्रपटाचं चांगलं स्वागत केलं. पण आवाज वादाचाच मोठा राहिला. कौतुक करणारीचं वाक्य आणि तक्रार करणाऱ्याचं पत्र, दोन्ही एकाच पलंगाशी येऊन थांबली. उरलेल्या चित्रपटाकडे बघायचं कोणी?

उरलेल्या चित्रपटात काय आहे, ते सांगते. व्हिडिओच्या दुकानात काम करणारी शेरिल (ही भूमिका डुन्येनं स्वतः केली आहे) 1930च्या दशकातल्या एका सिनेमात मोलकरणीचं काम करणारी कृष्णवर्णीय नटी पाहते. श्रेयनामावलीत तिचं नाव नाही, नुसतं ‘वॉटरमेलन वुमन’. शेरिल तिचा माग काढत निघते. त्या नटीचं नाव फे रिचर्ड्स, आणि तिचं एका गोऱ्या दिग्दर्शिकेवर प्रेम होतं, असं हळूहळू कळत जातं. शेवटी डुन्ये पडद्यावर लिहून सांगते की फे रिचर्ड्स कधी नव्हतीच. अशा बाईचा इतिहास कोणी जपला नव्हता, म्हणून तिनं तो रचला. फेच्या आयुष्याची जुनी वाटणारी छायाचित्रं झोई लेनर्डनं घडवली. त्यातली 78 कृष्णधवल आहेत. पुढे ती 1997च्या व्हिटनी द्वैवार्षिकात कलाकृती म्हणून मांडली गेली.

फे काल्पनिक असेल, तिची अवस्था काल्पनिक नाही. ‘गॉन विथ द विंड’मधल्या मोलकरणीच्या भूमिकेसाठी हॅटी मॅकडॅनियलला 1940 साली ऑस्कर मिळालं, आणि त्याच समारंभात तिला सहकलाकारांपासून दूर, वेगळ्या टेबलावर बसवलं होतं. पुरस्कार मिळालेल्या नटीची ही कथा. जिचं नावही छापलं गेलं नाही, तिला कुठे शोधायचं?

आणि डुन्येनं समीक्षकांनाही सोडलेलं नाही. चित्रपटात समीक्षिका कॅमिल पाग्लिया स्वतःच्याच नावानं येते, आणि पडद्यावरच्या कृष्णवर्णीय मोलकरणीच्या साच्याचं समर्थन करताना आपल्या इटालियन घरातल्या बायकांकडे वळते. दुसऱ्याच्या दुखण्यावर बोलायला बसायचं आणि स्वतःबद्दल बोलून उठायचं! परीक्षणं छापून येण्याआधीच डुन्येनं ती पडद्यावर दाखवून ठेवली होती.

माझ्या मते चित्रपटाचा गाभा जून वॉकरच्या पत्रात आहे. जून ही फेची उत्तरायुष्यातली कृष्णवर्णीय जोडीदारीण. ती भूमिका कवयित्री शेरिल क्लार्कनं केली आहे. फेची गोष्ट सांगताना त्या गोऱ्या दिग्दर्शिकेला मध्ये आणू नकोस, असं ती शेरिलला बजावते. फे कोणाची होती, हे आम्हाला ठाऊक आहे, हा तिचा दावा. शेरिल तो पूर्ण मानत नाही. जूनला वगळायचं नाही आणि दिग्दर्शिकेलाही नाही, असा निर्णय ती घेते. तो बरोबर की चूक? समीक्षेनं यावर भांडायला हवं होतं. मृत स्त्रीच्या आयुष्यावर हक्क कोणाचा, हा प्रश्न एका पलंगापेक्षा कितीतरी स्फोटक आहे.

2021 साली लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत या चित्रपटाची निवड झाली. 2023 मध्ये तो क्रायटेरियन संग्रहात आला. ज्या देशाच्या संसदेतून त्याच्यावर अश्लीलतेचा शेरा आला, त्याच संसदेच्या ग्रंथालयानं पंचवीस वर्षांनी तो जपण्याजोगा ठरवला. आता मान आहे, पण परीक्षणं अजूनही बहुधा ‘पहिला चित्रपट’ हा टिळा लावून पुढे सरकतात. हे कौतुकही अपुरंच.

या चित्रपटावर लिहायला बसाल तेव्हा सुरुवात जूनच्या पत्रापासून करा.