घाऊकराव

घाऊकरावांना सुटी गोष्ट दिसतच नाही. कँटीनमध्ये सहाजण टेकले की ते कोणालाही न विचारता "सहा कटिंग, साखर कमी" सांगून मोकळे होतात. त्यातला एकजण कॉफीवाला असतो, एकाने चहा सोडलेला असतो. पण तपशिलात शिरणं त्यांच्या स्वभावात नाही. दसरा, दिवाळी आणि संक्रांतीच्या शुभेच्छा ते एकाच निरोपात उरकतात. बाणेरच्या आमच्या ऑफिसात डिझाइन सिस्टीम त्यांच्याकडे आहे. म्हणजे ॲपमधल्या रंगांचे, अंतरांचे आणि अक्षरांच्या आकारांचे ते कुलमुखत्यार. हे टोपणनाव पोरांनी ठेवलं. त्यांना ते ठाऊक आहे, आणि आवडतंही.

पूर्वी त्यांची फार कुचंबणा व्हायची. २०२३ मध्ये फिग्मात, म्हणजे आम्ही डिझाइन करतो त्या ॲपमध्ये, व्हेरिएबल्स आली: रंग, संख्या, मजकूर आणि हो-नाही, अशा चार जातींची. एका जागी किंमत बदलली की शंभर स्क्रीन बदलणार, हे ऐकून ते हरखले. पण ती एक जागा हातानेच शोधावी लागे. आमच्याकडे अशा चारशे जागा, वर प्रत्येकीला लाइट आणि डार्क असे दोन मोड. म्हणजे आठशे चौकटी. दहावी-बारावी चौकट भरेपर्यंत माणसाला वाटू लागे की जुना रंगही काही वाईट नव्हता. निम्मे बदल असे आपोआप टळत. मग २०२४ च्या अखेरीस एआयला इतर सॉफ्टवेअरशी जोडणारं एमसीपी आलं, पुढे एआय एजंटाला थेट डिझाइनच्या फाइलमध्ये हात घालता येऊ लागला, आणि बाराव्या चौकटीला सुचणारं शहाणपण कायमचं बंद झालं.

आता घाऊकराव खुर्चीत रेलून फर्मान सोडतात. "सगळे निळे जरा उबदार कर."

एजंट अदबीचा. तो विचारतो, "यातले बारा निळे मूळचे आहेत. बाकीचे सत्तर त्यांच्याकडून रंग घेतात. फक्त मूळचे बदलू का?" प्रश्न अगदी रास्त असतो. बटणाचा रंग 'ब्लू-५००' या मूळ निळ्याकडे बोट दाखवतो, लिंकचाही तिकडेच. सातबाऱ्यावरच्या वारसनोंदींसारखा हा मामला, मूळ पुरुषाला धरूनच पुढचे सगळे. पण प्रश्न संपायच्या आत घाऊकरावांनी "सगळे म्हणजे सगळे" टाइप केलेलं असतं. एजंट ब्याऐंशीच्या ब्याऐंशी ठिकाणी थेट रंग लिहून टाकतो. स्क्रीनवर सारं ठाकठीक दिसतं, फक्त आता कोणी कोणाचा वारस राहिलेला नसतो. पुढच्या खेपेला मूळ रंग बदलतो तेव्हा एकही बटण त्याच्याकडे ढुंकून बघत नाही.

असं उबदार होता होता 'ब्लू-५००' एके दिवशी चक्क नारिंगी झाला. "नावही बदलू का?" एजंटाने विचारलं. "नको," घाऊकराव म्हणाले, "नावात बरेच जण गुंतलेत." हे मात्र त्यांनी विचार करून सांगितलं होतं. फिग्मात नाव बदललं तरी आतला आयडी तोच राहतो, तिथे काही तुटत नाही. तुटतो तो डेव्हलपरांचा कोड, आणि डेव्हलपर समोरच्याच रांगेत बसतात. तेव्हापासून नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगून ठेवावं लागतं की आपल्याकडे निळा हा नारिंगी असतो.

मग पाळी आली करड्यांची. "सगळे करडे एक पायरी उजळ." पांढऱ्यावरची बारीक अक्षरं वाचता यावीत म्हणून रंगांतल्या फरकाचं किमान प्रमाण ठरलेलं आहे, ४.५ ला १. आमचा करडा होता रंगक्रमांक ७६७६७६. तो ४.५४ ला, म्हणजे जेमतेम काठावर पास. एका पायरीने तो ७७७७७७ झाला आणि ४.४८ वर आला. डोळ्याला फरक कळत नाही, तपासणीला कळतो. रिलीज अडकलं.

टीममधली सगळ्यात धाकटी मुलगी जालन्याची. ती म्हणाली, "सर, लावायच्या आधी यादी बघत जाऊ या ना. एखादा अगदी काठावर उभा असतो."

घाऊकरावांनी ठेवणीतला दाखला काढला. "अगं, बॅच अपडेट काय आजचं आहे? आमच्या गावच्या मास्तरांनी अख्ख्या वर्गाची जन्मतारीख १ जून लावली. एका बैठकीत! कोणाचं काय बिघडलं?"

"माझ्या बाबांचं, सर. त्यांचा जन्म दिवाळीतला. पाच महिने आधी रिटायर झाले."

घाऊकराव गंभीर झाले. कोणा एकावर अन्याय झालेला त्यांना खपत नाही.

"हे वाईट झालं," ते म्हणाले. "१ जूनवाल्यांना पाच-पाच महिने वाढवून द्यायला हवे होते. सगळ्यांना. सरसकट."