कॅमेऱ्याला ताप

आकाशगंगेचा सगळ्यात दाट, बघण्यासारखा भाग वृश्चिक आणि धनू राशींकडे आहे, आणि तो रात्रीचा बहुतेक वेळ वर असतो तो नेमका मे-जूनमध्ये. जूनमध्ये ढग येतात, म्हणजे उरला मे. मे महिन्यात नांदेडच्या गच्चीवर रात्री अनवाणी उभं राहायचं तर काहीतरी नवस बोललेला असावा लागतो. थंडीत मृगाचा तेजोमेघ झकास येतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण आकाशगंगेचं वेळापत्रक ठरवताना मराठवाड्याला कुणी विचारलं नाही. हाही अनुशेषच म्हणायचा.

डिजिटल कॅमेऱ्याच्या सेन्सरला उजेड आणि उष्णता यांतला फरक कळत नाही. तापला की अंधारातही त्याच्यात इलेक्ट्रॉन सुटतात आणि तो ते प्रकाश म्हणून मोजतो. तापमान साधारण ६ अंशांनी वाढलं की ही खोटी मोजणी दुप्पट. म्हणजे २० अंशांवर शहाण्यासारखा वागणारा कॅमेरा ३८ अंशांवर आठपट बरळतो. फोटोभर लाल, निळे, हिरवे ठिपके उठतात. शेजारच्या काकूंनी त्यातला एक लाल ठिपका मंगळ म्हणून ओळखला आणि पत्रिकेत मंगळ असलेल्या पुतणीसाठी फोटो मागून नेला.

यावर एक रीतसर उपाय आहे. झाकण लावून, तेवढ्याच वेळाचे आणि तेवढ्याच तापमानाचे काळे फोटो घ्यायचे आणि मूळ फोटोतून वजा करायचे. "अरे, झाकण राहिलंय," बाबा म्हणाले. मुद्दाम लावलंय, असं मी सांगितलं. तेव्हापासून आल्यागेल्याला ते सांगतात, "आमचा हा अंधाराचे फोटो काढतो. नोकरी पक्की आहे म्हणून चाललंय." तरीही वजाबाकीने ठरलेले ठिपके तेवढे जातात, बाकीची खरखर राहतेच. मुळात कॅमेरा गार करणं हाच इलाज.

मोठ्या वेधशाळांत त्यासाठी द्रव नायट्रोजन वापरतात. आमच्या घरात कूलर होता. इथली हवा कोरडी, त्यामुळे कूलर मन लावून काम करतो. कॅमेराही गार झाला. पण पंख्याच्या थरथरीने सगळे तारे शेवयांसारखे लांबले.

मग लातूरच्या मेहुण्याला फोन केला. गंजगोलाईजवळ त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. कॅमेऱ्याभोवती नळी गुंडाळून गार पाणी खेळवू, असं मी सुचवलं. तिकडे क्षणभर शांतता. "दाजी, २०१६ला आमच्याकडं मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं. अन् तुम्ही कॅमेऱ्याला पाणी पाजायलाव?"

विषय संपला. त्याने चार सेंटिमीटर लांब-रुंद अशी पेल्टियर प्लेट पाठवली. पेल्टियर हा फ्रान्सचा घड्याळजी. १८३४मध्ये त्याला दिसलं, की दोन वेगळ्या धातूंच्या सांध्यातून वीज सोडली तर सांधा गार किंवा गरम होतो. प्लेटमध्ये असेच शंभरावर सांधे, मात्र अर्धवाहकाचे. १२ व्होल्ट दिले की एक बाजू गार, दुसरी गरम. थंडी कुठूनही येत नाही. उष्णता इकडची तिकडे जाते आणि खाल्लेल्या विजेची उष्णताही तिकडेच जमा होते. ती बाहेर फेकायला जुन्या कॉम्प्युटरचा ॲल्युमिनियमचा हीटसिंक आणि त्याचा छोटा, न थरथरणारा पंखा. लाइट गेली की गरम बाजूची उष्णता माघारी वळते. इन्व्हर्टरवर कॅमेरा चालवावा की बेडरूमचा पंखा, हा प्रश्न बायकोने चर्चेला येऊच दिला नाही.

औषधाच्या दुकानातून थर्माकोलची पेटी आणली, लेन्सपुरतं भोक पाडलं, आत दव धरू नये म्हणून नव्या चपलांच्या खोक्यांतल्या सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या. सुट्टीला आलेल्या भाच्याला हे सगळं उत्साहाने समजावलं. तो लातूर पॅटर्नमधला, नीटच्या तयारीत. शांतपणे ऐकून त्याने विचारलं, "याला चार पर्याय कोणते?"

पेटीतला पारा मात्र सारखा वरखाली व्हायचा, आणि तापमान जुळलं नाही तर काळे फोटो वाया. त्याचा निकाल बाबांनी लावला. मला न विचारता पेटीत कॅमेऱ्याशेजारी ताकाची बरणी ठेवली. आता पेटी गार व्हायला वेळ लागतो, पण एकदा झाली की पारा हलत नाही. आत वस्तुमान वाढलं, असं भाचा म्हणतो. बाबांचं म्हणणं, मीठ जरा कमी पडलं.