दंड आणि लाडू

तंबाखूचा बार भरल्यावाचून ज्याची बुद्धी चालत नाही अशा गृहस्थाने सिंगापूरला जाण्यापूर्वी पुनर्विचार करावा, एवढे एक वाक्य सहल-कंपनीने आपल्या गुळगुळीत पत्रकात छापले असते तर माझी चंची आणि मी, आमचा तीस वर्षांत प्रथमच वियोग झाला नसता. पण त्या पत्रकात सकाळचा नाश्ता मोफत असल्याखेरीज महत्त्वाचे असे काहीच नव्हते. चघळण्याच्या तंबाखूस त्या मुलखात सक्त मज्जाव आहे ही वार्ता, तेथे नोकरीस असलेल्या चिरंजीवांनी निघण्याच्या आदल्या रात्री फोनवरून सांगितली, आणि पानाऐवजी च्युइंग गम चघळीन या माझ्या तडजोडीवर ते नुसते हसले.

त्या हसण्याचे रहस्य पुढे उलगडले. शहरातल्या आगगाडीच्या दारांना कोणी चघळून टाकलेला गम चिकटवी, त्यामुळे दारे मिटेनात आणि गाड्या खोळंबत. म्हणून 1992 साली सरकारने गमच्या आयातीवर आणि विक्रीवरच बंदी घातली. 2004 पासून औषधी गमाला सवलत मिळाली खरी, परंतु तो घ्यायचा औषधविक्रेत्याकडून वा दंतवैद्याकडून. चघळण्यासाठी दाताच्या डॉक्टरची पायरी चढणे माझ्या कुळाला शोभणारे नव्हते.

आपल्या भाषेत 'दंड' या एकाच शब्दात रोख रक्कम आणि काठी ही दोन्ही साधने सुखाने नांदतात (दंड-बैठकांतला दंड तेवढा ऐच्छिक). सिंगापूर सरकारने, मराठीचा गंधही नसताना, हा श्लेष जसाच्या तसा अमलात आणला आहे. मोटारींवर रंग फवारल्याच्या कसुराबद्दल 1994 साली एका अमेरिकन तरुणाला रोख दंड आणि कैद यांच्या जोडीला वेताचे सहा फटके फर्मावले गेले, आणि खुद्द राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी रदबदली केल्यावर त्यांतले दोन माफ झाले. म्हणजे महासत्तेच्या वशिल्याची तेथील किंमत फटके दोन! माझ्या ओळखीचा सर्वांत मोठा माणूस नगरपालिकेतला हेडक्लार्क असल्याने मी सारा प्रवास हात खिशात घालून केला.

आगगाडीच्या डब्यात समोरच फलक होता: धूम्रपान, हजार डॉलर; खाणेपिणे, पाचशे; ज्वालाग्राही पदार्थ, पाच हजार. ड्यूरियन नामक काटेरी, फणसाच्या थाटाचे फळ नेण्यास मनाई होती, मात्र त्यापुढे आकडा नव्हता. त्याचा दर्प हीच पुरेशी शिक्षा मानली जात असावी. मी हे भक्तिभावाने वाचीत असता शेजारी परिचित खुळखुळाट झाला. गाडी हलली की डबा उघडायचा हा कर्जतच्या घाटापासूनचा दस्तुर पाळून आमच्या सौभाग्यवतींनी बेसनाच्या लाडवांचा स्टीलचा डबा मांडीवर घेतला होता.

"आई, झाकण लाव! पाचशे डॉलर!" चिरंजीव कुजबुजले.

तिने पाचशेला साठाने गुणले, क्षणभर डोळे मिटले, आणि झाकणावरचा हात न काढता विचारले,

"माणशी, की लाडवागणिक?"